प्रस्तावना : साक्ष आणि आज्ञा

आत्मज्ञान प्रयत्नाने मिळते की कृपेने, ते कोणी कोणास शिकवू शकतो किंवा नाही, आणि त्याची पात्रता म्हणून काही असेल तर ती कोणत्या मापाने मोजावयाची, हे प्रश्न आपल्याकडे पंडितांच्या सभेपुरते कधीच राहिलेले नाहीत. आळंदीच्या वाटेवर दिंडीत चालणारा शेतकरी, सेवानिवृत्तीनंतर रोज पहाटे दासबोधाचा एक समास वाचणारा कारकून, ज्ञानेश्वरीच्या पारायणास बसलेली गृहिणी, या सर्वांच्या मनात केव्हा ना केव्हा हा विचार येऊन जातो की, इतकी वर्षे नाम घेतले, वारी चुकविली नाही, एकादशी मोडली नाही, तरी अजून आत काही उजाडले कसे नाही? या विचारात तक्रार आहे, आणि ती अगदी प्रामाणिक आहे. तिचे समाधान करताना कोणी सांगतो की साधन अपुरे पडले, आणखी करा. कोणी सांगतो की केल्याने काही होत नाही, देवाच्या मनात येईल तेव्हा होईल. पहिल्या उत्तराने माणूस थकतो, दुसऱ्याने सैल पडतो. आणि दोन्ही उत्तरांच्या पाठीशी संतवचनांचा आधार तितकाच भक्कम असल्यामुळे, एकाच जमिनीबद्दल दोन पक्षांनी दोन अस्सल सनदा हजर कराव्यात आणि मुन्सफाने त्यांकडे पाहत राहावे, तशी ऐकणाऱ्याची अवस्था होऊन जाते.

पुढील पानांत या दाव्याचा निकाल लावण्याचा आव आणलेला नाही. ज्ञानदेवांपासून गेल्या शतकातील निंबाळच्या आश्रमापर्यंत आणि मुंबईच्या खेतवाडीपर्यंत, मराठी भाषेत ज्यांनी आपल्या आत्मानुभवाविषयी काही सांगून ठेवले, त्यांच्या बोलण्यात प्रयत्न कोठे येतो, कृपा कोठे येते, आणि प्रत्येक वेळी बोलणारा कोणाशी व कोणत्या घडीला बोलत असतो, एवढ्याचीच तपासणी येथे केली आहे. परंतु ही तपासणी करीत असता माझे जे एक मत बनत गेले ते वाचकांपासून लपवून ठेवणे योग्य होणार नाही, म्हणून ते या प्रस्तावनेत मांडतो.

शास्त्रपक्ष आधी थोडक्यात सांगितला पाहिजे, कारण संतांच्या पाठीमागे तो सदैव उभा आहे. श्रीशंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या सूत्रावर भाष्य करताना कर्माची फळे चार प्रकारची मानली आहेत: काही नव्याने उत्पन्न होते, काही अप्राप्त असलेले प्राप्त होते, काही एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते, आणि काही संस्काराने शुद्ध होते. मोक्ष यांपैकी एकाही प्रकारात बसत नाही, असा त्यांचा निर्णय आहे. कारण जे उत्पन्न होते ते नष्टही होते, आत्मा तर कधी अप्राप्त नव्हताच, त्याला विकार नाही आणि डाग नसल्यामुळे धुण्याचे कारणही नाही. इतका निर्वाणीचा युक्तिवाद ज्यांनी केला त्याच आचार्यांनी पहिल्याच सूत्रावर लिहिताना मात्र विवेक, वैराग्य, शमदमादी षट्कसंपत्ती आणि मुमुक्षुत्व यांच्यावाचून ब्रह्मजिज्ञासेच्या दारी कोणी येऊ नये, असे बजावले आहे. म्हणजे उंबरठ्यावर कडक झडती आहे, आणि आत गेल्यावर सांगणे असे की, तुझ्या हातच्या कोणत्याही कृतीने हे मिळण्यासारखे नाही. पुढे भामती आणि विवरण या दोन प्रस्थानांत, केवळ महावाक्याच्या श्रवणाने अपरोक्ष ज्ञान होते की निदिध्यासनाने तयार झालेले मनच त्याचे साधन होते, यावर जो शतकानुशतके वाद चालला, त्याचे मूळ येथेच आहे. त्या वादाच्या खोलात मी शिरलेलो नाही. आपल्या संतांनी तो वाद माणसांच्या चरित्रांत जगून दाखविला आहे, आणि मला त्या चरित्रांकडेच वळावयाचे आहे.

त्यांत पहिले चरित्र देवगिरीच्या किल्ल्यावरचे. निजामशाहीच्या चाकरीत असलेले जनार्दनस्वामी या किल्ल्याचे किल्लेदार. पैठणहून लहानपणीच घर सोडून त्यांच्यापाशी आलेल्या एकनाथांकडे दफ्तराचे काम होते. महिपतींनी सांगितलेली कथा सर्वांच्या परिचयाची आहे. हिशेबात एका पैची चूक निघाली. रात्र झाली, वाड्यातील माणसे निजली, आणि हा मुलगा समईच्या उजेडात कीर्द आणि खतावणी समोर घेऊन एकेका रकमेची रुजुवात करीत बसला. बेरीज पुन्हा धरावी, ताळा पाहावा, तो जुळू नये, आणि पुन्हा पहिल्या पानापासून आरंभ करावा, असे करता करता रात्र सरत आली तेव्हा चूक सापडली, आणि त्या आनंदाच्या भरात त्याने टाळी वाजविली. त्या आवाजाने जागे झालेल्या जनार्दनस्वामींनी विचारपूस केली आणि म्हटले की, एका पैची चूक सापडल्याने तुला एवढा हर्ष होतो, तर संसाराच्या हिशेबातील मोठी चूक उमगेल तेव्हा केवढा होईल! त्यानंतर त्यांनी त्यास शूलिभंजनाच्या डोंगरावर अनुष्ठानास पाठविले.

ही कथा सांगणारे महिपती स्वतः ताहराबादचे कुलकर्णी होते, त्यांचा जन्म दफ्तर सांभाळणाऱ्या घराण्यातला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. हिशेब जुळेपर्यंतची तगमग आणि जुळल्याचा क्षण त्यांना अंगावरचा ठाऊक होता. आता या कथेत प्रयत्न किती आणि प्राप्ती कशाची, हे बारकाईने पाहावे. रात्रभराच्या परिश्रमाने एकनाथांनी काही नवीन कमावलेले नाही. रक्कम पहिल्यापासून बरोबरच होती, चुकली होती ती नोंद. आणि चूक सापडल्यावर तिजोरीत एका पैचीही भर पडली नाही. शंकराचार्यांचा चौथ्या सूत्रावरचा सिद्धांत येथे एका कारकुनाच्या चौरंगापाशी येऊन बसला आहे. तरीही त्या रात्री जो निजला त्याला चूक सापडली नसती, हेही तितकेच खरे आहे. जनार्दनस्वामींनी शिष्याला कोणतेही ज्ञान दिले नाही. त्याच्या ठायी आधीच जागे झालेले अवधान एका पैवरून उचलून दुसरीकडे लावले. गुरू शिकवितो म्हणजे काय करतो, याचे याहून नेमके चित्र मला अन्यत्र आढळलेले नाही.

तुकोबांची हकीकत याहून निराळी, आणि एका अर्थी अधिक अवघड आहे. शके १५५१-५२ च्या दुष्काळात अन्नावाचून घरची माणसे गेली, दिवाळे निघाले, महाजनकीची अब्रू धुळीस मिळाली. त्यानंतर त्यांनी देहूचे मोडकळीस आलेले देऊळ दुरुस्त केले, भंडाऱ्याच्या आणि भामचंद्राच्या डोंगरावर एकांत केला, पूर्वसंतांची वचने पाठ केली, कीर्तनात इतरांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले, आणि घराण्याच्या सावकारीतील आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली. या पूर्वतयारीचा बराच भाग त्यांनी स्वतःच एका आत्मचरित्रपर अभंगात नोंदविला आहे. मग गुरुकृपा झाली, ती कशी? माघ शुद्ध दशमीस, गुरुवारी, स्वप्नात. गंगेस स्नानाला जाता वाटेत बाबाजी चैतन्य भेटले, त्यांनी मस्तकावर हात ठेवला, रामकृष्णहरी हा मंत्र सांगितला, आणि भोजनास पावशेर तूप मागितले. परंतु ते द्यावयाचा तुकोबांना स्वप्नात विसर पडला.

या पावशेर तुपापाशी मी पुष्कळ वेळा थांबलो आहे. आयुष्यातील सर्वांत मोठ्या घटनेचे वर्णन करताना कोणता भक्त आपली असली चूक सांगेल? गुरूने दक्षिणा म्हणून मागितली ती एकच वस्तू, तीही वाण्याच्या घरी सहज मिळणारी, आणि तीच द्यायची राहिली. ज्या माणसाने वर्षानुवर्षे कष्ट केले होते, त्याने कृपेच्या प्रसंगी मोबदला म्हणून काहीही चुकते केले नाही, आणि कृपा तरी झालीच, एवढे तुकोबा येथे सांगत आहेत. देवळाची दुरुस्ती, पाठांतर, एकांत यांतील एकाही गोष्टीचा उल्लेख ते या कृपेची किंमत म्हणून करीत नाहीत. आणि हेच तुकोबा दुसऱ्याला उपदेश करू लागले की अभ्यासाने असाध्यही साध्य होते असे ठासून सांगतात, आळशाची गय करीत नाहीत.

आता माझे मत सांगतो. प्रयत्नाची वचने ही आज्ञा आहे, आणि कृपेची वचने ही साक्ष आहे. आज्ञा पुढे जावयाचे आहे त्याला उद्देशून असते. साक्ष मागे वळून पाहणारा देतो. एकच तुकोबा समोरच्या साधकाशी बोलताना सायासाचा आग्रह धरतात आणि स्वतःसंबंधी बोलताना आपल्या बळाने काही झाले नाही असे म्हणतात, यात विसंगती नाही, कारण बोलणारा एक असला तरी बोलण्याचा प्रसंग एक नाही. घोटाळा होतो तो ऐकणाऱ्याचा. साक्ष ही आज्ञा समजून घेतली की माणूस हातपाय सोडून कृपेची वाट पाहत बसतो. आज्ञा ही घडल्या गोष्टीची कारणमीमांसा समजली की तो जपाची संख्या मोजू लागतो आणि ती भरल्यावर देवाकडे पावती मागतो. माझ्या समजुतीप्रमाणे प्रस्तुत विषयावरील बहुतेक वाद या एका अदलाबदलीतून उत्पन्न झाले आहेत.

गुरुदेव रा. द. रानडे यांनी १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात महाराष्ट्रातील संतांचा साक्षात्कारमार्ग मांडला, तेव्हा त्यांनी संतांची वचने प्रामुख्याने अनुभवाचा पुरावा म्हणून वाचली. तर्कशास्त्राच्या कसोट्या ठाऊक असलेला आणि रोज नित्यनेमाने ध्यानाला बसणारा असा तत्त्वज्ञानाचा अध्यापक विरळा, आणि त्यांच्या वाचण्यात त्यामुळे एक अधिकार आला. माझे म्हणणे त्या ऋणातूनच निघालेले आहे; फक्त कोणता पुरावा कोणत्या घडीचा, एवढा तपशील मी अधिक मागतो.

या मताला सर्वांत मोठा अडथळा मुक्ताबाईंचा आहे, आणि तो मी टाळू इच्छीत नाही. पारंपरिक गणनेप्रमाणे शके १२१२ मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरी पूर्ण झाली तेव्हा ज्ञानदेव पंधरा वर्षांचे होते, आणि मुक्ताबाई त्यांच्याहूनही लहान. चौदाशे वर्षांचे तप पदरी असल्याची ज्याची ख्याती होती तो चांगदेव ज्ञानदेवांना पत्र लिहावयास बसला, पण वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार लिहावा हे न कळून त्याने कोरा कागद पाठविला. आणि इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला, असे त्या मुलीने तो पाहून म्हटले. ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या कागदाचे उत्तर पासष्ट ओव्यांत लिहिले, आणि चांगदेवाने पुढे मुक्ताबाईंनाच गुरू केले. येथे प्रयत्नाचा डोंगर एका बाजूस आहे आणि ज्ञान दुसऱ्याच बाजूस. पूर्वजन्मीची साधना असेल, हे नेहमीचे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. ज्याचा दाखला मागता येत नाही अशा साधनेच्या खात्यावर सर्व काही लिहून टाकले तर मग तपासणी कशाची करावयाची? या भावंडांनी आईबापांचे देहान्त प्रायश्चित्त पाहिले, गावाचा बहिष्कार सोसला, हे खरे. पण दुःख म्हणजे साधना नव्हे, नाहीतर सर्वच पोरकी मुले ज्ञानी झाली असती. तेव्हा मुक्ताबाईंच्या बाबतीत माझी विभागणी लागू पडत नाही. त्यांच्यापाशी आज्ञा पाळण्याचा काळच दिसत नाही. आहे ती साक्ष.

ज्ञानदेवांनी अमृतानुभवात हा प्रश्न मुळापासूनच उपटला आहे. प्रथम शब्दाच्या उपकारांचे ते मनःपूर्वक वर्णन करतात, त्याची थोरवी गातात, आणि नंतर विचारतात की, आत्मा जर स्वयंसिद्ध आहे आणि अज्ञान म्हणून वस्तूच जर नाही, तर शब्दाने दूर करावयाचे ते काय आणि सिद्ध करावयाचे ते काय? त्यापुढे अज्ञानाचे खंडन आहे, आणि अज्ञान गेल्यावर त्याच्या भरवशावर उभे असलेले ज्ञानही खंडित होते. शिकविणे शक्य आहे काय, या शंकेचे इतके निर्भय उत्तर ज्याने दिले त्यानेच निवृत्तिनाथांपुढे ओवीओवीला मस्तक ठेवले आहे. पुस्तकातील अमृतानुभवावरचे प्रकरण सर्वांत दीर्घ झाले आहे ते यामुळेच. वाचकांनी ते घाईने वाचू नये, अशी विनंती आहे.

नामदेवांचा प्रसंग याच्या अगदी उलट आहे. ज्यांच्याशी पांडुरंग बोलत असे आणि ज्यांच्या हातचे जेवत असे, त्यांना गोरोबा कुंभारांनी तेरच्या संतमेळ्यात डोक्यावर थापटणे मारून पाहिले आणि हे मडके कच्चे आहे असा निवाडा दिला. इतर सारे मुकाट्याने मार सोसून बसले होते; नामदेव तेवढे रागावले. त्यांनी पंढरीस धाव घेऊन देवापाशी गाऱ्हाणे केले, तर देवानेही संतांचीच बाजू उचलून धरली आणि विसोबा खेचरांकडे जाण्यास सांगितले. विसोबा शिवपिंडीवर पाय ठेवून निजलेले. जेथे पिंडी नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव, म्हणाले. आणि पाय ठेवावेत तेथे पिंडी दिसू लागली. देवाची प्रत्यक्ष सोबत हीदेखील परिपक्वतेची खूण नव्हे, हा या कथेतील भाग मला फार धीट वाटतो. प्रेम होते, दर्शन होते, कृपा तर अखंड होती. उणे होते ते इतकेच की, देव आपला आहे या जाणिवेत आपलेपणाची मिरास शिल्लक होती. ती सुटण्यास दुसरा माणूस लागला.

तो दुसरा माणूस कोण असावा, यावर रामदासांइतके सावधपणे कोणी लिहिलेले नाही. टाकळीस बारा वर्षे नदीच्या पात्रात उभे राहून तेरा कोटी नामजप करणारा हा पुरुष प्रयत्नाला देवाचे स्थान देतो यात नवल नाही. पण दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरूंचे जे असंख्य प्रकार त्याने निवडून बाजूस काढले आहेत, ते वाचताना आजच्या मंत्र-दीक्षांच्या बाजाराची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ज्ञान हे देण्याघेण्याची वस्तू आहे असे एकदा ठरले की देणाऱ्याची पेढी उघडायला वेळ लागत नाही. मोबदला घेऊन अनुग्रह देणारे माझ्या दृष्टीने एका साध्या गोष्टीत खोटे ठरतात: आपल्यापाशी आहे ते शिष्यापाशी नाही, या समजुतीवर त्यांचा सारा व्यवहार चालतो, आणि ज्या दिवशी शिष्याची ती समजूत जाईल त्या दिवशी त्यांचे दुकान बंद होईल. बहिणाबाईंना कोल्हापुरात तुकोबांचा अनुग्रह झाला तोही स्वप्नात. तुकोबा तेव्हा देहूस होते आणि बहिणाबाईंनी त्यांना पाहिलेलेही नव्हते. त्या अनुग्रहाला कोणतीही पेढी लागली नाही.

योग्यतेचा प्रश्न येथेच येतो, आणि तो केवळ तात्त्विक नाही. वेदाध्ययन, यज्ञ, संन्यास ही साधने ज्यांना जन्मावरूनच बंद होती, त्यांना ज्ञान साधनाने मिळते असे सांगणे म्हणजे दाराला कुलूप घालून आत येण्याचा उपदेश करण्यासारखे होते. चोखोबांना पंढरपूरच्या देवळाबाहेरच उभे राहावे लागले. मंगळवेढ्यास शके १२६० मध्ये वेशीचे बांधकाम कोसळून त्यांचा अंत झाला, आणि पंढरपुरास समाधी झाली तीही महाद्वाराबाहेरच. त्यांच्या अभंगांतील कृपेचा शब्द त्यामुळे इतरांच्या शब्दाहून निराळ्या वजनाचा आहे: ज्याच्या प्रयत्नाला समाजाने मान्यताच दिली नाही त्याची ती साक्ष आहे. कृपावादाने माणसे निष्क्रिय होतात असे म्हणणाऱ्यांनी चोखोबा वाचावेत. देवळाचे ते दार उघडण्यास १९४७ साल उजाडावे लागले आणि साने गुरुजींना प्राण पणास लावावे लागले, ही गोष्ट पात्रतेची चर्चा करताना आपण विसरलो तर आपली चर्चा निर्लज्ज होईल.

अर्वाचीन काळातील दोन प्रकरणांविषयी थोडेच सांगतो. इंचगेरी संप्रदायात भाऊसाहेब महाराजांनी ध्यानाच्या दीर्घ अभ्यासावर भर दिला, तर त्यांचे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज यांनी विचाराचा मार्ग पुरस्कारिला. पहिल्यास पिपीलिका मार्ग आणि दुसऱ्यास विहंगम मार्ग म्हणतात. परंतु सिद्धरामेश्वरांनी स्वतः आधी ध्यानाचा खडतर अभ्यास केला होता, आणि विहंगम मार्गाची थोरवी सांगताना लोक ही गोष्ट गाळतात. त्यांचे शिष्य निसर्गदत्त महाराज मुंबईत विडीचे दुकान चालवीत. खेतवाडीतील घराच्या पोटमाळ्यावर त्यांच्याशी झालेली मराठी संभाषणे मॉरिस फ्रीडमन यांनी इंग्रजीत आणली, ती १९७३ साली प्रसिद्ध झाली, आणि त्यानंतर दूरदूरचे लोक तो जिना चढून येऊ लागले. त्यांतील पुष्कळांना हेच विचारावयाचे होते की, काही करावयाचे नसेल तर आम्ही येथे कशासाठी आलो? गुरूने ‘मी आहे’ या जाणिवेवर लक्ष ठेवण्यास सांगितले आणि आपण त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून तेवढेच केले, असे महाराज स्वतःविषयी सांगत.

शेवटी एक बाब नोंदवितो, जी मला या सर्व चरित्रांत समान आढळली आणि जिच्यामुळे मोबदल्याची कल्पना मी पुरती सोडून दिली. साधन हे जर ज्ञानाची किंमत असते तर ज्ञान झाल्यावर ते थांबले असते. येथे तसे कोठेच झालेले नाही. एकनाथांचे पैठणातील गोदास्नान, पूजा, भागवताचे निरूपण आणि अतिथींचे जेवण अखेरपर्यंत चालू राहिले. बाबाजी चैतन्यांच्या अनुग्रहानंतर तुकोबांचे कीर्तन कमी झाले नाही, वाढले. आणि विसोबांकडून परत आलेले नामदेव, ज्यांना आता टाळ हाती धरण्याचे कारण उरले नव्हते, ते टाळ घेऊन उत्तरेस निघाले आणि थेट पंजाबात गेले. त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत, आणि गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे स्थान आजही आहे. साधनाचा प्रारंभ काही मिळावे म्हणून होत असेल. त्याचा हा उत्तरार्ध कशासाठी असतो, याचा विचार मी अखेरच्या तीन प्रकरणांत केला आहे. पहिले प्रकरण नेवाशाचे आहे.